ठोके चढत नाहीत, पाय उचलत नाहीत

प्रश्न विचारणाऱ्यांनी बरीच माहिती दिली आहे. ती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल.

वय ४३, राहणार पुणे, रोड सायकल घेऊन सव्वा वर्ष झालं. फेब्रुवारीच्या शेवटी ६०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची म्हणून १ डिसेंबरपासून आठवड्याचे आठ तास वाढवून तेरा केले. ऑक्टोबरात बोपदेव घाट १७ मिनिटांत चढायचे, हृदयाचे सरासरी ठोके १५८. आता १९ मिनिटं लागतात आणि जीव काढला तरी सरासरी १४४च्या वर जात नाही. घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) १८० वॉट ताकद लावताना पूर्वी १४२ ठोके असायचे आणि बायकोशी गप्पा मारता यायच्या. आता ठोके १३३, पण एक वाक्य पुरं होत नाही. सकाळी उठल्यावरचे ठोके ५६ होते, ते ४९ झालेत. घड्याळ म्हणतंय फिटनेस वाढला. ग्रुपमधले म्हणतायत हृदय मजबूत झालं, पार्टी दे. आणि हे विचारतात, ‘मग ऑफिसचा जिना चढताना मांड्या का भरून येतात? ठोके झोनमध्ये (सरावासाठी ठरवलेल्या ठोक्यांच्या पल्ल्यात) आणायला अजून जोर लावू का?’

नका लावू. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नका लावू.

मी गेली सतरा वर्षं हौशी सायकलपटूंना शिकवते. ‘ठोके खाली आले’ हे वाक्य मी आनंदानेही ऐकलंय आणि रडवेल्या आवाजातही. दोन्ही वेळा आकडा एकच असू शकतो, ही खरी गोम आहे. म्हणून तुमचा प्रश्न ‘ठोके कमी का’ असा नाहीच. ठोके कमी, वेळ जास्त आणि दमही जास्त, हे तिन्ही एकाच वेळी का, असा तो आहे. नुसत्या ठोक्यांवर बोलणाऱ्या माणसाचं या बाबतीत ऐकू नका, मग तो माणूस असो की घड्याळ.

आधी यंत्राचं उरकून घेऊ. तुम्ही ठोके मोजणारा छातीचा पट्टा वापरता असं लिहिलंय, हे बरं. मनगटावरचं घड्याळ हँडल घट्ट धरल्यावर आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर काहीही दाखवतं. थंडीत हात गार पडले की आणखीच. पट्टाही कोरडा बांधला तर पहिली दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे देतो, सेल उतरला की ठोके गाळतो. इलेक्ट्रोड ओले करा, सेल बदला आणि एकदा गळ्याची नाडी बोटांनी धरून १५ सेकंद मोजून चाराने गुणा. जुळलं तर यंत्र निर्दोष.

इथे माझीच फजिती सांगते. २०१३ साली मी एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम करायच्या मागे होते. चारशेच्या आधी तीन आठवडे माझे ठोके १४१च्या पुढे जाईनात. मी ठरवलं, पट्टा गेला. नवीन घेतला. त्यावरही १४१. दुकानदाराशी वाद घालून तो बदलून आणला. १४१. तेव्हा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, ‘तिसरा आणण्याआधी तू दोन दिवस झोपून बघ.’ तो सायकल चालवत नाही, पण दुखण्याचं निदान त्याचंच बरोबर निघालं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. शेवटी जाताजाता तुम्ही लिहिलंय, ‘बाकी तब्येत उत्तम, फक्त बीपीची गोळी दिवाळीनंतर बदलली.’ मला हे वाक्य पहिल्या ओळीत हवं होतं. बीपीच्या गोळ्या अनेक जातींच्या असतात. अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टननं ठोके असे खाली येत नाहीत. पण ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘लोल’ येतं त्या, म्हणजे मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल वगैरे, हृदयावर होणारा अॅड्रेनलिनचा परिणाम दाबतात. ठोक्यांना वरून झाकण बसतं. घाटात ठोके चढत नाहीत, पाय लवकर भरतात, काहींची झोपही चाळवते. तुमची सगळी लक्षणं त्यात बसतात. शिवाय आपल्याकडे दोन औषधं एकाच गोळीत असणं अगदी सर्रास आहे, त्यामुळे पाकिटावरच्या मोठ्या नावावरून काही कळत नाही. मागचं बारीक अक्षर वाचा.

तशी गोळी निघाली, तर स्वतःहून बंद करू नका. ती एकदम तोडली की बीपी आणि ठोके उसळी मारतात आणि ते धोक्याचं असतं. डॉक्टरांकडे जाऊन सांगा की मी आठवड्याला इतके तास सायकल चालवतो आणि गोळी बदलल्यापासून असं होतंय. रुग्ण इतका व्यायाम करतो हे पुष्कळदा त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. दुसरा पर्याय असेल तर ते देतील. नसेल तर ठोक्यांचे जुने झोन विसरायचे आणि वॉटवर व दमावर चालवायचं.

गोळी की थकवा, हे ओळखायची एक युक्ती आहे आणि तिची सामग्री तुमच्याकडे आहे. ट्रेनरच्या जुन्या नोंदी उघडा. १८० वॉटच्या प्रत्येक राइडमधले ठोके तारखेसह कागदावर मांडा. गोळीचा परिणाम पायरीसारखा दिसतो, म्हणजे सोमवारी १४२ आणि गुरुवारी १३०, मग तिथेच स्थिर. सरावाच्या थकव्याचा उतार असतो: १४२, १४१, १३८, १३६, १३३. तुम्ही म्हणता की त्रास डिसेंबरच्या शेवटी सुरू झाला, दिवाळी तर त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली. म्हणून माझा कौल उताराकडे आहे. पण कागदावर पायरी दिसली, तर या उत्तराचा पुढचा बराचसा भाग तुमच्यासाठी नाही.

ऋतूचाही वाटा काढून टाकू. ऑक्टोबरातली पुण्याची उष्णता आणि जानेवारीतली पहाट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उन्हात शरीर थंड ठेवायला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. थंडीत ते आपोआप चार-सहानं उतरतात. मे आणि जुलैचे आकडे शेजारी ठेवून ‘पावसाळ्यात माझा फिटनेस वाढला’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. पण गारव्यानं माणूस दमत नाही, उलट बरं वाटतं. आणि ट्रेनर तर घरातच आहे. म्हणून बोपदेवच्या १४ ठोक्यांमधले काही थंडीला देऊ, बाकीचे शिल्लक राहतात.

ठोके कमी होणं चांगलं कधी, ते आधी सांगते. त्याशिवाय वाईट कधी ते कळणार नाही.

१८० वॉट काढायला शरीराला ठरावीक प्राणवायू लागतो आणि त्यासाठी मिनिटाला ठरावीक रक्त फिरवावं लागतं. समजा ते १८ लिटर आहे. हृदय एका ठोक्याला १२० मिलिलिटर रक्त ढकलत असेल, तर १५० ठोके लागतील. नियमित सरावानं रक्तातला द्रव भाग वाढतो (हे काही दिवसांतच सुरू होतं), पुढे महिन्यांत हृदयाचे कप्पे थोडे प्रशस्त होतात, आणि तेच हृदय एका दमात १३० मिलिलिटर ढकलायला लागतं. आता १३८ ठोक्यांत काम भागतं. टूर द फ्रान्स १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा जिंकणारा मिगेल इंदुराइन विश्रांतीत मिनिटाला २८ ठोक्यांवर असायचा असं सांगितलं जातं, ते याच जातीचं. तुमचा ग्रुप जी पार्टी मागतोय तीही याचीच. पण अशा वेळी १८० वॉट आधीपेक्षा सोपे वाटायला हवेत आणि बोपदेव १७ ऐवजी १६ मिनिटांत व्हायला हवा. कमाल ठोकेही साधारण जिथल्या तिथे राहतात. जोरात शेवट केला की १८४ दिसायचे, तर आताही १८२-१८३ दिसतात.

तुमचं नेमकं उलट झालंय. आणि मला वाटतं याचं कारण सहा-सात आठवड्यांचा साठलेला थकवा आहे.

यात काय होतं? हृदय आपल्या मर्जीनं धावत नाही. एका बाजूनं मेंदू आणि अॅड्रेनलिन त्याला टाच मारतात, दुसऱ्या बाजूनं व्हेगस नावाची, मेंदूतून थेट निघणारी नस लगाम खेचते. बैलगाडीचा कासरा आणि चाबूक म्हणा हवं तर. आठवडेच्या आठवडे पुरेशी विश्रांती न देता सराव चालला, की चाबकाचा परिणाम ओसरतो. अॅड्रेनलिन कमी सुटतं, आणि जे सुटतं त्याला हृदय पूर्वीइतकी दाद देत नाही. कासरा मात्र ताणलेलाच राहतो. शिवाय स्नायूंमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, रोज अर्धवटच भरत गेला तर पाय जोर लावूच शकत नाहीत. आणि पायांनीच मागणी केली नाही तर हृदय कशाला धावेल? म्हणून ठोके खाली, वॉट खाली, आणि मेंदूला मात्र वाटतं आपण घाण्याला जुंपलोय.

तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतींत व्यावसायिक सायकलपटूंचेही शेवटच्या आठवड्यात ठोके चढेनासे होतात. त्यांचा मार्गदर्शक तेव्हा ‘अजून जोर लाव’ म्हणत नाही. त्यांना पुढे सुट्टी आहे हे माहीत असतं.

दोन गोष्टी इथे भल्याभल्यांना फसवतात. पहिली, सकाळचे ठोके. जुन्या पुस्तकी सल्ल्यानुसार सकाळची नाडी पाच-सातनं वाढली तर शरीर थकलेलं समजायचं. ते खोटं नाही. ताप येणार असेल, आदल्या रात्री दारू झाली असेल, पाणी कमी पडलं असेल तर ती वाढतेच. पण लांब पल्ल्याच्या सरावानं आलेल्या थकव्यात ती कित्येकदा तशीच राहते किंवा खाली जाते. तुमचे ५६चे ४९ म्हणूनच घड्याळाला बक्षीस वाटले. दुसरी गोष्ट, घाटमाथ्यावर थांबल्यावर ठोके किती पटकन उतरतात ती. पटकन उतरणं ही तंदुरुस्तीची खूण मानतात आणि एरवी ती असतेही. पण अतिथकव्यातही ठोके दगडासारखे खाली येतात, कारण लगाम ताणलेला असतो. माथ्यावर एका मिनिटात ठोके पूर्वीपेक्षा जास्त उतरले आणि तरीही हँडलवर डोकं टेकून उभं राहावंसं वाटलं, तर त्यात खूश होण्यासारखं काही नाही.

घड्याळाचा तर काय दोष? त्याला ठोके आणि वेग कळतात. तुमच्या मांड्या त्याला कळत नाहीत.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दमाचा आकडा लिहायला लावते. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं यासाठी ६ ते २० अशी एक पट्टी करून ठेवली आहे. ६ म्हणजे खुर्चीत बसलोय, १३ म्हणजे थोडं जड जातंय, १७ म्हणजे फार जड, २० म्हणजे संपलो. ही विचित्र पट्टी त्यानं मुद्दाम तशी केली, कारण निरोगी प्रौढात त्या आकड्याला दहानं गुणलं की ढोबळमानानं ठोके येतात. तुमच्याच १८० वॉटला ती लावा. ऑक्टोबरात ठोके १४२ आणि दम, गप्पा होत होत्या म्हणजे १२ धरू. आता ठोके १३३ आणि दम १५ किंवा १६. दोन्ही एकमेकांपासून लांब सरकले. या सरकण्याकडे मी सगळ्यात आधी बघते, एफटीपीकडे (साधारण तासभर टिकवता येतील इतके जास्तीत जास्त वॉट) नंतर.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण देते, नाहीतर सगळा थकवा म्हणजे अतिसराव असं वाटायचं. माझ्याकडे बँकेत काम करणाऱ्या एक बाई यायच्या. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास, आणि रोज पहाटे सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन येणं. त्यांनाही पाय जड, दम जास्त अशीच तक्रार होती, पण त्यांचे ठोके नेहमीपेक्षा पंधरानं वर होते. तपासणीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तळाला निघाले. रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी असेल तर हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे थकवा आणि वाढलेले ठोके दिसले तर लोह, ताप, पाणी, उष्णता यांच्याकडे बघायचं. थकवा आणि घटलेले ठोके दिसले तर सराव, अपुरं खाणं, थायरॉइड आणि औषधं. नियम पक्का नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

अपुऱ्या खाण्यावर मला थोडं बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात सराव जितका दिसतो तितकंच तेही दिसतं. तुम्ही लिहिलंय की सोळा-आठ (सोळा तास उपास, आठ तासांत जेवण) चालू आहे, रात्री सातला जेवण, पहाटे पाचला काळी कॉफी पिऊन राइड, आणि पहिला घास अकराला. वजन ऑक्टोबरात ७९, आता ७४, आणि त्याचा आनंद आहे. हिशोब करून बघू. तुमच्या राइडची सरासरी १४० वॉट आहे. म्हणजे तासाला साधारण ५०० किलोज्यूल काम. सायकलवर माणसाची कार्यक्षमता अशी असते की जितके किलोज्यूल काम तितक्याच जवळपास किलोकॅलरी जळतात. तेरा तासांचे झाले साडेसहा हजार. आठ तासांना चार हजार लागायचे. म्हणजे आठवड्याला अडीच हजार जादा जाळायला लागलात आणि त्याच वेळी जेवणाच्या खिडकीला कडी लावलीत.

शरीर अशा वेळी खर्च कापायला लागतं. थायरॉइडचं काम मंदावतं, टेस्टोस्टेरॉन उतरतं, हातपाय गार पडतात, पहाटे साडेतीनला जाग येते, आणि हृदयाचे ठोके खाली येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती फक्त बायकांमध्ये नसते, पुरुषांमध्येही असते हे तेव्हाच सांगितलं. तुम्हाला ती झालीच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तुमची पहाटे साडेतीनची जाग मला कामाच्या ताणाची कमी आणि भुकेची जास्त वाटते. झोपायच्या आधी कपभर दूध आणि दोन खजूर घेऊन चार रात्री बघा. हा उपाय फुकट आहे.

उपासाला माझा विरोध नाही. एकादशी करा, चतुर्थी करा. पण त्या दिवशी घाट नको, आणि बीआरएमच्या तयारीचे दोन महिने सोळा-आठ तर अजिबात नको. वजन कमी करणं आणि सराव वाढवणं, दोन्ही एकाच महिन्यात करू नये. ज्यांनी केलं त्यातले बहुतेक माझ्याकडे याच तक्रारी घेऊन आलेत.

आता करायचं काय. एफटीपी तपासू नका, इंटरव्हल करू नका आणि ‘ठोके वर आणायला’ म्हणून काहीही करू नका. झोन हा सरावाचा परिणाम मोजायला असतो, तो गाठायचं गाव नाही.

पहिले तीन दिवस सायकलला हात लावायचा नाही. ‘हलकी राइड’सुद्धा नाही, कारण पुणेकराची हलकी राइड कात्रजला पोचते हे मला माहीत आहे. फिरायला जा. साडेनवाला आडवे व्हा. सकाळी उठल्यावर तासाभरात नाश्ता: पोहे, उपमा, थालीपीठ, काहीही, पण पोटभर. चौथ्या दिवसापासून सातव्यापर्यंत रोज ४० ते ५० मिनिटं सपाट रस्त्यावर, नाकानं श्वास घेता येईल इतक्या संथ. हँडलवरच्या स्क्रीनवर चिकटपट्टी लावा. मी गंमत करत नाहीये. मी स्वतः लावते.

आठव्या दिवशी ट्रेनरवर चाचणी. त्याच वेळी, तोच पंखा, आदल्या रात्री व्यवस्थित जेवण. दहा मिनिटं गरम होणं, मग १५ मिनिटं बरोबर १८० वॉट. शेवटच्या पाच मिनिटांचे सरासरी ठोके, दमाचा आकडा आणि थांबल्यावर एका मिनिटात उतरलेले ठोके, एवढंच लिहायचं.

थकवा खरा असेल आणि फार खोल नसेल, तर ठोके वर आलेले दिसतील, १४० च्या आसपास, आणि दम १२-१३ वर उतरलेला असेल. विश्रांतीनं ठोके वाढले हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उफराटं वाटतं. इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं: आठवडाभर आराम केला की रक्तातला वाढलेला द्रव थोडा कमी होतो, त्यानंही दोन-तीन ठोके वाढतात. म्हणून नुसत्या ठोक्यांवर खूश होऊ नका. दम उतरला का, ते बघा. दहाव्या दिवशी बोपदेव एकसारख्या लयीत चढून बघा. १७ मिनिटं दिसली तर तुम्ही परत आलात.

ठोके वर आले पण दम तसाच असेल, तर अजून पाच दिवस तसेच काढा. आणि दहा-बारा दिवसांच्या खऱ्या विश्रांतीनंतर, नीट खाऊन, काहीच हललं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. सामान्य थकवा काही दिवसांत ते दोन आठवड्यांत उतरतो. त्याच्या पुढचा प्रकार आठवडे-महिने घेतो, आणि खरा अतिसरावाचा आजार अनेक महिने. तो ओळखायचाही बाकी सगळी कारणं बाजूला काढूनच असतो. तेव्हा रक्ताच्या तपासण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर एवढं तरी असावं. शाकाहारी असाल तर बी-१२ वर विशेष लक्ष. पावसाळ्यात डेंगी किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांगा. काहींचे पाय त्यातून सावरायला महिने लागतात.

काही लक्षणांसाठी मात्र दहा दिवस थांबायचं नाही. चढावर छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर येऊन अंधारी, शुद्ध हरपणं, ठोके मध्येच अनियमित होणं, जोर चालू असताना ठोके एकदम निम्म्यावर पडणं, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणं. यातलं एकही असेल तर सायकल भिंतीला आणि थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे. चाळिशीनंतर कधीच ट्रेडमिलवरची चाचणी केली नसेल, तर ६०० च्या आधी करून घ्याच. तिथे जास्तीत जास्त जोराला हृदय किती वर जाऊ शकतं हे देखरेखीखाली दिसतं. काहींच्या हृदयाची विद्युत यंत्रणाच ठोके वाढू देत नाही, आणि ते घाटात ओळखता येत नाही. जाताना २२० वजा वय हे सूत्र मनातून काढून जा. ते सरासरीचं आहे. खरा आकडा त्याच्या दहा-बारा इकडे किंवा तिकडे सहज निघतो.

राहिला तुमचा सगळ्यात मोठा धसका, की सहा आठवड्यांवर बीआरएम आहे आणि ही बाई दहा दिवस घरी बसवतेय. ६०० ला ४० तास असतात. थांब्यांसकट ताशी १५ चा वेग पडतो. त्यासाठी १५८ ठोक्यांनी बोपदेव चढायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण पोटात राहायला हवं आणि पेडल मारायची इच्छा शिल्लक असायला हवी. दहा दिवसांत पायातली महिन्यांची कमाई जात नाही. चाचणी चांगली आली तर पुढचे दोन आठवडे आठ-नऊ तासच ठेवा, त्यात एकच दिवस जोराचा. मग साधारण तीन आठवडे आधी एक २०० किलोमीटरची राइड, तीही खाण्याचा सराव म्हणून: तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात, म्हणजे केळी, चिक्की, राजगिऱ्याची वडी, साखर-मीठ-लिंबाचं पाणी असं फिरवत राहायचं. शेवटचे दहा दिवस सराव पुन्हा उतरता ठेवायचा. आणि चाचणी खराब आली तर फेब्रुवारीची ६०० सोडा. हंगाम नोव्हेंबर ते ऑक्टोबर असतो, पुढे आणखी तारखा लागतात. मी २०१३ साली ती चारशे सोडली नाही. १८० किलोमीटरवर एका ढाब्याच्या बाजेवर झोपले आणि टेम्पोतून घरी आले. सहाशे त्या वर्षी झालीच नाही.

तर क्रम असा: आज गोळीच्या पाकिटामागचं वाचा, उद्या जुन्या नोंदींचा कागद करा, सोळा-आठ आजच थांबवा, आणि दहा दिवसांनी १८० वॉटचे तीन आकडे मला कळवा. सकाळचे ठोके ४९ चे ५३ झाले तर घड्याळ कुरकुरेल, फिटनेस घटला म्हणेल. त्याची सूचना बंद करून टाका.